दोनदा मिटले तर नाही

सोमवार, ४ नोव्हेंबर

सुटले एकदाची त्या मालिकेतून. सहा वर्षं एकाच सासूचे वटारलेले डोळे तीन-तीनदा जोडत बसले होते. आजपासून सिनेमा कापणार. सकाळी साडेनवाला दारात उभी राहिले तर दिग्दर्शक स्वतः दार उघडायला आले आणि माझ्या हातातली बॅग घेतली. माझी बॅग इतक्या वर्षांत कुणी घेतली नव्हती, नवऱ्यानेसुद्धा नाही. मी तिथेच खूश.

घर दुमजली आहे. खालच्या जेवणाच्या खोलीचं एडिटिंग रूम केलंय. खिडक्यांना काळा कागद, भिंतीवर मोठा पडदा, टेबलावर दोन मॉनिटर आणि खुर्ची अशी, की माझ्या कंबरेला बरं वाटलं. मागे राहायला एक छोटी खोली दिलीय. दिग्दर्शक साठीचे, किडकिडीत, बोलताना बोट वर करतात. मनात मी त्यांचं नाव मास्तर ठेवून टाकलं. तोंडावर अर्थात सर.

वर वहिनी असतात. चार वर्षांपूर्वी नसांचा काही आजार झाला आणि हळूहळू सगळं अंग थांबलं. गळ्यात नळी घालून यंत्र श्वास देतं. दिवसा एक सिस्टर असते, बाकीच्या वेळी मास्तर. यंत्राचा आवाज छतातून येतो, फस्स, टक, फस्स, टक. दोन दिवसांत ऐकू येईनासा होईल म्हणाले. मला अट एकच घातली, वर जायचं नाही, जंतुसंसर्गाची भीती असते. माझं काम खाली, मला कशाला जायचंय वर?

मंगळवार, ५ नोव्हेंबर

जोडलेला तेवढा सिनेमा पाहिला. मास्तरांना काम येतं, यात वाद नाही. गोष्ट एका औषधवाल्याची. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली. एके सकाळी ती गेलेली सापडते आणि इन्स्पेक्टर त्याच्या मागे लागतो. यानं तिला सोडवलं की मारलं, एवढाच प्रश्न, पण दोन तास खुर्चीच्या टोकावर बसवतो. शेवटी इन्स्पेक्टरला औषधवाल्याने घेतलेली एक चित्रफीत सापडते. तीत तो बायकोला विचारतो आणि ती हो म्हणते. इन्स्पेक्टर फाइल बंद करतो.

घोडं अडलंय ते याच शॉटवर. तो ‘हो’ अजून मिळालेला नाही. माझ्याआधी तीन एडिटर येऊन गेले म्हणे. मास्तर बोट वर करून म्हणाले की इच्छामरणात जाणाऱ्याची इच्छा असते, दयामरणात राहणाऱ्याची दया. हो मिळाला तर आपला माणूस पहिल्यातला, नाही मिळाला तर तो खुनी.

मी औषधवाल्याच्या बाजूची आहे, हे इथेच लिहून ठेवते. बाबा आठ महिने पडून होते. शेवटी डॉक्टरांना मीच सांगितलं, आता ओढू नका. सगळे म्हणाले, सुटले बिचारे. मीही म्हणाले.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

मास्तरांनी ‘हो’चे टेक आणून दिले. नवी बाई घेतलीय म्हणाले, कॅमेऱ्याची सवय नसलेली, आणि युनिटचा बाऊ नको म्हणून सगळं शूट एकट्याने केलं. आवाज नाही, नंतर भरू. फ्रेम एवढीच, भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत. सिनेमातल्या बायकोला बोलता येत नाही, म्हणून नवरा-बायकोची खूण ठरलेली आहे. पापण्या एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही. नवरा विचारणार, हिने एकदा मिटायच्या. यात अभिनय तो काय?

बावीस टेक आहेत आणि बावीसच्या बावीस टेकमध्ये बाई दोनदा मिटते. मी टेकच्या वहीत ओळीने लिहीत गेले. टेक एक, खराब, दोनदा. टेक दोन, खराब, दोनदा. बाविसाव्यापर्यंत पेन कागदात रुतायला लागलं. चेहरा इतका निश्चल ठेवते की कौतुक वाटावं, आणि पापणीचं तेवढं जमत नाही. कुठून आणली ही बाई?

शनिवार, ९ नोव्हेंबर

आज वाजलं. मी म्हटलं, बाईला परत बोलवा, मी समोर उभी राहते, दहा मिनिटांत शॉट होईल. मास्तर नाही म्हणाले. बाई परत मिळणार नाही, आहे त्यातच आहे, शोधा. मी म्हटलं, सर, नसलेलं कसं शोधू? तर म्हणे, नीट बघा, तिला हो म्हणायचंय, तिला जमत नाहीये. दिवसभर तेच डोळे बघून माझं डोकं उठलंय. डाव्या बुबुळात खाली एक तपकिरी ठिपका आहे, तोही आता पाठ झाला. संध्याकाळी पुन्हा विचारायला आले, मिळाला का? मी दार जरा जोरातच लावलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

केलं. टेक चौदामध्ये दोन मिटण्यांच्या मध्ये जवळजवळ सेकंदभर डोळे उघडे राहतात. दुसरं मिटणं अकरा फ्रेमचं. अर्धा सेकंदही नाही. ते अकरा फ्रेम काढले, अलीकडचे-पलीकडचे उघडे डोळे एकमेकांत मिसळले. चेहरा हलतच नाही, त्यामुळे सांधा माझा मलाच दिसेना. बाईचं ‘नाही’ होतं त्याचं छान ‘हो’ झालं. स्वतःची पाठ थोपटून घ्यावीशी वाटली, खरंच.

मास्तरांना दाखवलं. पडद्यासमोर उभेच राहिले. मग खाली बसले आणि रडायला लागले, चांगले हुंदके देऊन. पुन्हा लाव म्हणाले, पुन्हा, पुन्हा. सतरा वेळा लावलं. मला आधी बरं वाटलं, नंतर अवघडल्यासारखं झालं. सिनेमा अडकला की माणूस किती कोंडतो, एवढंच मनात आलं. चहाही त्यांनीच करून आणला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज दुपारी एका गृहस्थांना ‘हो’ दाखवला. मास्तरांनी आधीच बजावलं होतं, बाहेरचे प्रेक्षक आहेत, सांधा सांगायचा नाही. ते मला सांगायला नको. पहिल्या प्रेक्षकाला कट कुठे आहे हे कुठलाच एडिटर सांगत नाही. आमच्या कामात ते पाळायचंच असतं, नाहीतर तो मग फक्त कट बघत बसतो.

गृहस्थ पन्नाशीचे, हातात जाड पाकीट. शॉट संपल्यावर चष्मा काढून किती तरी वेळ पुसत राहिले. मग थेट माझ्याकडे वळून विचारलं, “बाई, हे असंच झालंय? मध्ये काही कापलेलं नाही ना?”

मी म्हटलं, “एकसलग आहे.”

हसत म्हटलं मी. तेही मान हलवून गेले.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

शॉट पक्का करायला मूळ टेक उघडले होते. बाविसाव्याला आवाजाची पट्टी दिसली. काढली नव्हती, नुसती बंद केली होती. सवयीनं चालू केली.

आधी फस्स, टक. वाटलं छतातून येतंय. मी थांबवलं तर एक फस्स थांबलं, दुसरं वर चालूच.

पुन्हा लावलं. मास्तरांचा आवाज. सिनेमातले संवाद नव्हते ते. ते म्हणत होते, “एकदाच मीट गं. एकदाच. माझ्यासाठी.” ती दोनदा मिटते. मग काहीतरी आदळल्याचा आवाज येतो आणि टेक संपतो.

बावीसही ऐकले. तारखा पाहिल्या. पहिला टेक दोन वर्षांपूर्वीचा आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

मास्तर औषधं आणायला गेले तेव्हा मी वर गेले. सिस्टरने अडवलं नाही, नुसती बाजूला झाली.

खोली स्वच्छ आहे. खिडकी उघडी, रेडिओवर बातम्या. पलंगावर वहिनी. डाव्या बुबुळात तपकिरी ठिपका. चाळीस तास मी या डोळ्यांना शिव्या घातल्यात.

विचारलं, माझं बोलणं कळतंय का? एकदा मिटले. दुखतंय का? एकदा. मग ते विचारायला मला धीर होईना, पण विचारलं, जायचंय का? मिटले, उघडले, मिटले. आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला तिथे उभं राहवेना.

सिस्टरने हळूच सांगितलं की यांना बातम्या आवडतात, गाणी लागली की दोनदा मिटून बदलायला लावतात. मी विचारलं, हे कुणाला सांगितलंस का? म्हणाली, मला कुणी विचारलं नाही. डॉक्टर आणि वहिनींचा भाऊ येतात त्या दिवशी सकाळी शांत राहण्याचं इंजेक्शन असतं, त्यामुळे त्यांच्यासमोर वहिनी झोपलेल्याच असतात. म्हणून तर डॉक्टरांनी सांगितलंय, यांची इच्छा कुठल्या तरी रूपात दाखवा आणि भावाची सही आणा, मग यंत्र बंद करू.

भाऊ कसा दिसतो, मी विचारलं. सिस्टर म्हणाली, पन्नाशीचे आहेत, बुधवारी खाली तुमच्याकडेच तर बसले होते.

त्यांनाच मी हसत एकसलग म्हणाले होते.

सोमवार, १८ नोव्हेंबर

काल दिवसभर मास्तर घरी नव्हते. आज सकाळी वरच गाठलं त्यांना. वाटलं होतं नाकारतील, ओरडतील. काहीच नाही. बसा म्हणाले. मग शिकवल्यासारखं समजावत राहिले. आजाराआधी तीच म्हणायची की मला असं ठेवू नका. दोनदा मिटणं ही आता तिची नुसती सवय आहे. चार वर्षं तिची नळी मी साफ करतो, तुम्ही एक दिवस करा. यातलं एकही मला धड खोडता येईना, हेच चीड आणणारं आहे. बाबांना आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं. मी कुठल्या तोंडाने बोलू?

तरी म्हटलं, सर, तो हो मी बनवलाय. त्या नाही म्हणताहेत.

तेव्हा ते माझ्याकडे मायेने बघायला लागले. “तुम्ही बनवला नाहीत,” ते म्हणाले. “तिचा हो त्यात अडकला होता. मला दोन वर्षांत सापडला नाही, तुम्ही चार दिवसांत काढलात.”

त्यांना खरंच तसं वाटतंय. खोटं बोलत असते तर भांडता आलं असतं.

खाली आले तर मूळ टेकची हार्डडिस्क टेबलावर नाही. उरलाय तो फक्त माझा ‘हो’.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सकाळी वर जाऊन फोनवर चित्रीकरण केलं. प्रश्न विचारला, दोनदा मिटले, स्पष्ट. सिस्टरकडून भावाचा पत्ता घेतला आणि त्याच्या कचेरीत जाऊन दाखवलं. माझी टेकची वहीही दाखवली, बावीस वेळा दोनदा, दोनदा.

त्याने वही बघितली आणि विचारलं, इथे खराब असं का लिहिलंय? मी सांगायला लागले आणि माझं मलाच ऐकवेना.

मग म्हणाला, तुम्ही एडिटर आहात, तुम्हाला काहीही बनवता येईल. मी म्हटलं, अहो, तेच तर सांगतेय. तर तो, मग यातलं तुम्ही बनवलेलं कुठलं? त्या दिवशी माझ्या तोंडावर एकसलग म्हणालात, आज नाही म्हणताय. आमची ताई चार वर्षं सडतेय, आणि तुम्हाला तिला अजून ठेवायचंय, का? तुमचं काय जातंय?

डोकं आपटावं तर भिंत लांब. शेवटी एवढं कबूल करून घेतलं, गुरुवारी डॉक्टर येणार आहेत, तेव्हा सही करण्याआधी त्याने स्वतः ताईला विचारायचं. माझं नाही, पडद्याचं नाही. स्वतः.

हो म्हणाला. म्हणजे तोंडाने.

बुधवार, २० नोव्हेंबर

आरशात बघताना स्वतःच्या पापण्या मोजते. थांबवता येत नाही. एक, दोन. एक, दोन. चहा पितानाही.

पोलीस चौकीत गेले होते, फोनवरचं दाखवलं. साहेबांनी मास्तरांना फोन लावला. मास्तरांनी ‘हो’ पाठवला. साहेबांनी दोनदा पाहिला, डोळे पुसले, आणि मला म्हणाले, बाई, घरी जा.

इतका चांगला कापायला नको होता. थोडा हिसका ठेवायला हवा होता. कुणाला तरी दिसला असता.

सिस्टरला विनवलं, उद्या सकाळचं इंजेक्शन देऊ नको. तिने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

सकाळी १०.४०

सिस्टरने दिलं नाही. मास्तरांनी सातलाच स्वतः दिलं, ती येण्याआधी.

११.१५

भाऊ आला. कबूल केल्याप्रमाणे विचारलं त्याने, पलंगापाशी वाकून. ताई, ताई. तीनदा. डोळे मिटलेले. मिटलेलेच.

मी सांगत होते, औषध आहे, दोन तास थांबा. भाऊ म्हणाला, मिटलेत ना. एकदाच मिटलेत. आणि सही करायला खाली गेला. डॉक्टर त्याच्यामागे. मास्तरही.

मी दाराला आतून कडी लावली. सिस्टर आत आहे. फोन खाली राहिला. वही आहे. म्हणून लिहितेय, जसं होतंय तसं, सगळं. हे कुणी कापायला नको.

११.५०

दार वाजवताहेत. डॉक्टर शांतपणे बोलताहेत, बाई, तुम्ही थकलात. भाऊ ओरडतोय. मास्तरांचा आवाज नाही.

मी एकच म्हणतेय, डोळे उघडले की दार उघडते.

१२.२०

पापणी हलली. सिस्टर म्हणाली, येताहेत. ओल्या कापसाने पुसलं.

नाही म्हणाल्या तर पुढे काय? अजून चार वर्षं? रोज नळी, रोज दुखणं, आणि मी माझ्या घरी. हे मी कुणासाठी — जाऊ दे. विचारायला तरी हवं. बाबांना विचारलं नाही.

१२.३५

उघडले. पूर्ण. माझ्याकडे बघताहेत.

कडी काढली. भाऊ आत आलाय, दमलेला. डॉक्टर दारात. मास्तर यंत्राच्या बाजूला जाऊन उभे राहिलेत. मी टेबलापाशी, लिहितेय. सगळ्यांना सांगितलं, कुणी मध्ये बोलायचं नाही, पूर्ण होऊ द्या, शेवटपर्यंत बघा.

भाऊ विचारतोय. “ताई, मी आहे. तुला जायचंय का?”

बघताहेत त्याच्याकडे.

मिटले.

उघडले. मास्तर म्हणताहेत, झालं, हो म्हणाली, ऐकलंत ना — हात यंत्राच्या — नाही, थांबा, संपलेलं नाही, अजून दुस